पहिल्या फेरीचा मालक

लिही गो बाय, माझ्या बाबांचं लिही. मांडवी बंदरात त्यांना केरू मिस्त्री म्हणायचे. होड्या बांधायचे. त्यांनी सागाचा रहाटपाळणा केला होता, बसायच्या चार पेट्यांचा, हातानं फिरवायचा. जत्रेत मिळायचं ते सगळं त्यातच घालायचे. नवी फळी, नवा आस, लाकडाला उंडीचं तेल. आय म्हणायची, "कौलं गळतायत, आणि हे पाळण्याला नटवतायत!"

नव्या होडीत पयला बांधणारा नि त्याची पोरंबाळं बसतात ना, तशी पाळण्याची पयली फेरी आमच्याच घरची. मालक बसला की मग गाव.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या दुसऱ्या वर्सी मुंबैची कंपनी आली. बोटीतून लोखंडी चक्र उतरलं. बारा पेट्यांचं, माडाहून उंच, फिरवायला तेलाचं इंजिन! मी आठ वर्सांची, तोंड उघडं टाकून बघत राहिले. बाबांनी विचारलं, "एवढा पैसा कुणाचा?" मॅनेजर म्हणाला, "तीनशे माणसांचा. प्रत्येकानं शेअर घेतलेत." तीनशे! मांडवी न बघता, पेटीत न बसता एवढं उभं करणारी माणसं असतील तरी कशी? मला तर देवच वाटले.

चक्रापुढं आमच्या पाळण्यात कोण बसणार! कंपनीनं तो विकत घेऊन मोडला आणि बाबांना चक्रावर मिस्त्री ठेवलं.

पुढल्या जत्रेआधी बाबांना आसावर, चक्र ज्यावर फिरतं त्या मधल्या दांड्यावर, केसाएवढी चीर दिसली. मॅनेजरनं मुंबैला लिहिलं. उत्तर आलं, यंदा भागीदारांना नफा वाटायचाय, नवा आस पुढल्या वर्षी बघू.

जत्रेच्या सकाळी वाळूत ही गर्दी! मॅनेजर म्हणाला, "केरू, इंजिन लाव."

"लावतो साहेब. पयली मालकाची फेरी."

"अरे, मालक कंपनी आहे!"

"मग बसवा तिला."

लोक हसले. बाबा नाय हसले. ते खरंच विचारत होते.

"कंपनी काय माणूस आहे? नाही लावायचं तर नीघ. दुसरा मिस्त्री आणतो."

आयनं माझा हात आवळला. घरचा पाळणा मोडलेला, होड्यांची कामं दुसऱ्यांनी नेलेली. हे कामही गेलं तर खाणार काय?

तेवढ्यात काशीरामकाका, बाबांचा भाऊ, गर्दीतून ओरडला, "साहेब, त्या तीनशांत तुम्ही आहात काय हो?"

मॅनेजर म्हणाला, "आहेत माझे पाच शेअर."

"मग झालं की! बसा!"

सगळी जत्रा ओरडायला लागली, "बसा, बसा!" बिचारा बसला. बाबांनी इंजिनाला हात लावला नाय. एका माणसाचा भार आस सोसेल, गर्दीचा नाय, हे त्यांना ठाऊक. हातानंच चक्र हळू फिरवलं. पेटी वर गेली नि आस असा करकरला, की माझ्या अंगावर काटा आला.

"उतरव! केरू, उतरव!"

खाली आला तो घामानं भिजलेला. तिथनंच उठून तारघरात गेला नि मुंबैला तार केली, 'आस येईपर्यंत चक्र बंद.'

आठव्या दिवशी बोटीतून आस आला. आठ गड्यांनी वाहून आणला. त्या तीनशांनी तो एका तारेवर धाडला गो!

बाबांनी बसवला. मॅनेजर न सांगता पेटीत चढला नि मला म्हणाला, "ये गो, तूही बस. आस तुझ्या बापानं बसवलाय, बांधणारा तोच."

वर गेलो. भाट्याची खाडी, दीपस्तंभ, अख्खा दर्या एकदम! आणि खाली बाबा, मुठीएवढे, वर मान करून आसाकडे बघत उभे. माझ्याकडे नाय गो, आसाकडे.