लहर गेली का?

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या वैशाखात मी लग्न होऊन पापडीजवळच्या वाडीत आले. पुढे मोगरा आणि तगरीचे वाफे, मागे केळी, केळीच्या पलीकडे पावसाचं पाणी साठवायचं बावखल आणि त्यावर पंप. असलंच माझं माहेर, त्यामुळे काही नवं वाटलं नाही. नवं होतं ते माजघरात. भिंतीशी ओळीनं पाच बाजाच्या पेट्या मांडलेल्या. मला वाटलं, कुठल्या भजनी मंडळाचं सामान लग्नाच्या गडबडीत आपल्याकडे राहिलं असेल. हे म्हणाले, "त्यातल्या तीन उघडलेल्या आहेत. हात लावू नकोस. सूर हलतील." लग्नानंतर माझ्याशी सलग बोललेली त्यांची ही पहिली तीन वाक्यं.

पेट्या जुळवायचा यांना नाद होता. कळंबपासून आगाशीपर्यंत कुठल्याही देवळातली, चर्चमधली पेटी बिघडली की सायकलच्या मागे बांधून आमच्याकडे यायची. सकाळी वाडीतली कामं, मग आंघोळ, जेवण, आणि एकदा पेटीचं झाकण उघडलं की दिवेलागणीपर्यंत माणूस घरात असून नसल्यासारखा. आमटीत मीठ नसलं तरी यांना कळायचं नाही, पण शेजारचं दार करकरलं की घास हातात धरून म्हणायचे, "काळी चार." एकदा माझे वडील आजारी असल्याचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं, हे "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले, तर विचारतात, "कुठे चाललीस?" शेजारणी पेटीला माझी सवत म्हणायच्या. सवत असती तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

पण त्या पेट्यांनीच मला एक जागा दिली होती. आमच्याकडच्या बहुतेक पेट्या दुहेरी सुराच्या. एक पट्टी दाबली की आत पितळेचे दोन सूर एकदम वाजतात. दोघांत केसाएवढा जरी फरक असला, तरी आवाज पाण्यासारखा हेलकावतो. त्याला हे लहर म्हणायचे. कानशीनं सूर हलकेच खरवडत गेलं की लहर मंदावते आणि शेवटी दोन्ही आवाज एक होतात. यांचं म्हणणं, पेटीवर वाकलेल्या माणसाला भात्याच्या वाऱ्यात नीट कळत नाही, लांबचा कान हवा. तो लांबचा कान मी. मी ओट्यावर गजरे करत बसायची आणि हे आतून विचारायचे, "लहर गेली का?" मी म्हणायची, "आहे अजून." पुन्हा खरखर. "आता?" "गेली." माझ्या शब्दावर हे पुढच्या सुराला हात घालायचे. दिवसभरात मला कुणी काही विचारत असेल तर ते एवढंच. मूल झालं नाही, सासू-सासरे आधीच गेलेले. त्या प्रश्नासाठी मी दुपारची वाट पाहायची, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

पाच-सहा वर्षांनी एका संध्याकाळी मी पंप बंद करायला वाडीत गेले. बघते तर बटण आधीच बंद. पंपाचा आवाज मात्र चालूच. मी बावखलाशी उभी राहिले, डावा कान हातानं दाबला, तरी आवाज चालूच. तेव्हा कळलं की तो माझ्या कानातच आहे. माहेरी गेले तेव्हा गुपचूप डॉक्टरला दाखवलं. डावा कान जवळजवळ गेला होता आणि ती घरघर जाणारी नव्हती.

यांना मी सांगितलं नाही. त्या घरघरीत लहर आहे की गेली हे मला कळेनासं झालं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला विचारणं बंद केलं असतं. मग माझ्याकडे काय उरलं असतं? मी खरखर मोजायला शिकले. आठ-दहा वेळा खरवडून झालं की "गेली" म्हणायची.

असे दोन पावसाळे गेले. मग नाताळच्या तोंडावर चर्चच्या गायनमंडळाचे मास्तर आमच्याच हातची पेटी परत घेऊन आले. भले गृहस्थ, अडखळत म्हणाले, "काका, आधी होती ती बरी म्हनायची. आता दोन सूर भांडतात नुसते."

यांनी पेटी उघडली, एकेक पट्टी दाबून पाहिली आणि कानस खाली ठेवली. "माझे कान गेले," एवढंच म्हणाले. माझ्या कानावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस हे पेट्यांकडे फिरकलेच नाहीत. दुपारी माझ्याबरोबर ओट्यावर बसले. यंदा मोगऱ्याला कळी कमी का, विचारलं. आमटी चांगली झालीय म्हणाले. सात वर्षांत जे मिळालं नाही ते मला त्या चार दिवसांत मिळालं, आणि ते राहावं म्हणून मी तोंड मिटून बसले. नवरा आतून खचतोय हे दिसत होतं, तरी गप्प बसले. पाचव्या दिवशी हे पेट्यांना गोणपाट गुंडाळू लागले. जुळलेल्या, न जुळलेल्या, सगळ्या परत करणार होते. तेव्हा मात्र मला राहवेना.

"तुमचे कान शाबूत आहेत," मी म्हटलं. "माझा डावा गेलाय."

"केव्हापासून?"

"दोन पावसाळे झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ, इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. वाटलं, आता विचारतील, दुखतं का, सांगितलं का नाहीस. त्यांचे ओठ हलत होते. मी उजवा कान पुढे केला.

"म्हणजे आगाशीची," हे बोटं मोजत होते, "कळंबची, होळी नाक्यावरच्या देवळातली... अरे देवा, सगळ्याच."

त्याच दुपारी सायकल काढून, कानशी घेऊन निघाले. महिनाभर गावोगाव फिरून एकेक पेटी जुळवून आले. मला मुंबईच्या डॉक्टरकडेही नेलं, खोटं कशाला बोलू. तिथे त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "दुसऱ्या कानाला लहर कळेल ना?" "कळेल," म्हणत डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

फाल्गुनात पेट्या पुन्हा माजघरात आल्या. एका दुपारी मी ओट्यावर नेहमीसारखी गजरे करत होते. आत बराच वेळ खरखर चालली होती. मग सवयीनं आवाज आला, "लहर गेली का?"

मी सुई खाली ठेवली. उजवा कान दाराकडे केला, डाव्यातली घरघर बाजूला सारली आणि जीव कानात आणून ऐकलं. दोन्ही सूर एक झाले होते. खरंच झाले होते.

"गेली," मी म्हटलं.

आत त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा एकदा दाबली. आणि स्वतःशीच म्हणाले, "हं. गेली."