नाक, अंगठा आणि रक्ताची तपासणी

दोन हजार पंचवीस साल. माझं वय सत्तर. कुरुंद्याकडं हळद शिजायला घातली की लोक मला बोलवायचे. हळद शिजवायच्या मोठ्या कुकराच्या वाफेचा वास घेऊन मी सांगायचो, "झाली, काढा." बाकीचे हळकुंडात काडी टोचून बघतात, मला ते कमीपणाचं वाटायचं. शाळा दुसरीपर्यंत, पण नाकाच्या बाबतीत कोणाचं ऐकलं न्हाई.

त्या साली शेजाऱ्याची हळद माझ्या शब्दावर काढली अन् आतून कच्ची निघाली. मी म्हणलं, लाकूड ओलं होतं. शेजाऱ्यानं ती परत कुकरात भरली. ते टोचलं. उजवा अंगठाही तवा आपोआप हलून राहिला होता, हात नुसता मांडीवर ठेवलेला असला तरी.

सुनेनं हट्टानं नांदेडला नेलं. एसटीत मी म्हणलं, "काहून नेऊन राहिलीस? म्हातारपणी हात हलतेतच."

"हलू द्या की मामा. डॉक्टरलाबी जरा बघू द्या."

डॉक्टरीणबाईंनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. मग डोळे मिटवून नाकाशी बाटली धरली. मी ठासून म्हणलं, "हळद." डोळे उघडले तर कॉफीची पूड. सून खिडकीकडं बघत राहिली.

"वास कधीकधी हाताच्या कैक वर्षं आधी जातो," बाई म्हणाल्या. "पार्किन्सन असू शकतो. पण हात दुसऱ्या कारणांनीही हलतो. रक्तात या आजाराची खूण शोधायची नवी तपासणी आहे, नमुना बाहेर पाठवू. नुसत्या रक्तावर आम्ही ठरवत नाही. चालणं, हात, वास, सगळं मिळून बघतो."

कुपीत माझं रक्त काळसर दिसलं. ते कुठं गेलं, कोण बघतंय, काही कळेना. निकाल येईस्तोवर दोन ठिकाणी हळदीचं बोलावणं आलं, मी गेलो. वाफ तोंडावर यायची, गरम, ओली, आणि तिला वासच नसायचा. मी माणसांचे चेहरे बघून अंदाजानं बोलायचो. दोन्ही वेळा निभावलं. तिसऱ्या वेळेची धास्ती अंगात बसली.

एका संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सुनेनं आवाज मोठा केला. रक्तात खूण सापडली होती. "बाकीच्या तपासणीशी ते जुळतंय, बाबा. गोळ्या सुरू करू, हाताला आराम पडेल. वास परत येईल असं मात्र सांगत नाही."

माझी म्हातारी म्हणाली, "कोणाला सांगू नका." मी जेवलो न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर कुकर लागला होता. मी सुनेला संगं नेलं. वाफ सुटली, सगळे माझ्याकडं बघू लागले. मी तिला पुढं केलं.

एकजण हसला, "काका, नाक घरी ठेवून आले का?"

"व्हय," मी म्हणलं. "ते गेलं. आता हिला विचारा."

सुनेनं वाफेत तोंड घातलं. "आणखी थोडी लागंल, मामा."

मी जाळ वाढवायला सांगितला.