प्रयागबाईच्या माठाचं पाणी

बावड्यात प्रयागबाईचं पाणी नावाजलेलं. पाहुणा ओट्यावर टेकला की गुळाच्या खड्यासोबत तिच्या माठातल्या पाण्याचा तांब्या पुढं यायचा, आणि पिणारा म्हणायचा, "व्वा, जीव गार झाला." वाळा घालून, रोज माठ घासून तिनं हे कौतुक कमावलं होतं. दुसरं कसलं तिच्या वाट्याला फारसं आलंही नव्हतं.

मग आली धाकटी जाऊ, राजलक्ष्मी. माहेर वडगाव निंबाळकर, जीभ गोड. यंदा विहिरीचं पाणी बिघडलं, आळीत जुलाब सुरू झाले, तशी ही अंगणवाडीतल्या बैठकीतून एक युक्ती शिकून आली. पाणी गाळून पारदर्शक बाटल्यांत भरायचं आणि त्या बाटल्या दिवसभर पत्र्यावर कडक उन्हात आडव्या ठेवायच्या. उन्हानं जंतू मरतात म्हणे! घरातल्यांच्या हातात बाटल्या आल्या. शेजारणीही शिकायला येऊ लागल्या, त्याही माठाकडं ढुंकून न बघता. वर सर्जेराव, प्रयागबाईचा नवरा, चारचौघांत म्हणाला, "धाकटीनं घर सुधारलं बरं का."

प्रयागबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या पाण्यानं आजवर कोण मेलंय?" असं पुटपुटत ती विहिरीचं पाणी आणून हट्टानं माठ भरत राहिली.

एका सकाळी सर्जेरावला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाईन लागलं. प्रयागबाई घाबरली हे खरं, पण आतून तिला आनंदही झाला. बरी जिरली बाटलीवालीची! डॉक्टरांच्या देखत ती राजलक्ष्मीवर कडाडली, "तुझं उन्हातलं पाणी पिऊनच झालंय ह्यांना!"

राजलक्ष्मीचा चेहरा उतरला. तेवढ्यात सर्जेरावनं डोळे उघडले.

"तिला कायबी बोलू नगं. ते बाटलीतलं माझ्या घशाखाली उतरंना. रानातनं आलो की गुपचूप तुझ्याच माठातलं पीत हुतो." मग दम खाऊन तो म्हणाला, "तुझ्या पाण्याची सर कशालाच न्हाय गं."

ह्याच शब्दांसाठी ती सारा उन्हाळा जळली होती. आता ते कानावर आले, तर कुठं बघावं तिला कळेना.

राजलक्ष्मीनं पिशवीतली बाटली काढून भांड्यात पाणी ओतलं आणि भांडं थोरल्या जावेच्या हातात दिलं. "आक्का, तुमीच पाजा."

प्रयागबाईनं ते गुमान नवऱ्याच्या ओठाला लावलं. त्या घटकेला तिला राजलक्ष्मीचा जेवढा राग आला, तेवढा उभ्या उन्हाळ्यात आला नव्हता.