आईचा आवाज काढणारा

माझा एक आयरिश मित्र स्वतःच्या आईचा आवाज काढून पोट भरायचा. अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका बारच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी आमचा कार्यक्रम असे. तो पूर्णवेळ कॉमेडियन, आणि मी आठवडाभर कोड लिहून शनिवारी हौस भागवणारा. स्टँडअप तो बरं करायचा, पण लोक यायचे ते त्याच्या एका स्केचसाठी. डोक्याला रुमाल बांधून तो आई व्हायचा आणि अमेरिकेतल्या मुलाला फोन करायचा. मुलगा मी. लालबुंद आईला नागपूरचा सावळा मुलगा, एवढ्यावरच अर्धा हॉल लोळायचा.

खरी आई आयर्लंडमध्ये. शोच्या आधी तिचा कॉल आला की हा रुमाल बांधता बांधता फोन माझ्या हातात कोंबायचा. भर जुलैत म्हातारी मला विचारायची, "कोट घातलास ना?" तिला ते स्केच ठाऊक होतं. "मी खरंच अशी किंचाळते का रे?" असं ती विचारायची, आणि हा निर्लज्ज तिच्याच आवाजात उत्तर द्यायचा.

मग ती गेली. तो जाऊन आला. तिकडे शवपेटी घरातच ठेवतात, आणि माणसं भोवती बसून चहा पीत गेलेल्याचे किस्से सांगतात. नातेवाइकांनी आग्रह केला, तिचा आवाज काढ. यानं तिच्या उशाशी उभं राहून काढला. सगळे हसले, मग रडले, आणि पुन्हा काढ म्हणाले.

परत आल्यावर एका रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला आला. बायकोनं वाढलेला वरणभात तो नुसता चमच्यानं कालवत बसला.

"मला तिचा आवाज आठवत नाही," तो म्हणाला. "आठवायला गेलं की माझाच ऐकू येतो. तो रुमालातला. फ्रिज उघडला तरी तोच बोलतो."

"रेकॉर्डिंग नाही का कुठे?"

"मशीनशी काय बोलायचं, म्हणून तिनं कधी निरोपच ठेवला नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू तिच्याशी बोललायस, यार. ती कशी बोलायची?"

एरवी त्याचा 'यार' ऐकून मला हसू फुटायचं. आज मी घाबरलो. मला ते आयरिश उच्चार जन्मात जमणारे नव्हते. पण एक गोष्ट आठवली. मी काही सांगत असलो की ती मधूनच 'हो' म्हणायची, आणि तो 'हो' श्वास आत ओढून म्हणायची, दचकल्यासारखा. पहिल्यांदा मला वाटलं होतं, बाईला काहीतरी झालं. स्केचमध्ये तो नव्हता, कारण मागच्या रांगेला ऐकू गेला नसता.

मी श्वास आत ओढून तसं 'हो' म्हटलं.

त्यानं चमचा खाली ठेवला. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला, इतका टक लावून की मीही वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"पुन्हा," तो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. मग तो तोंड झाकून रडला, आणि मला त्याची दया आली त्याहून जास्त भीती वाटली.

निघताना तो दारात थांबला. "हे स्टेजवर कधी करू नकोस. मग तेही जाईल."

दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून मी सोडून दिलं. माझी आई नागपूरला धडधाकट आहे, आणि आता मी एकट्यानंच स्टेजवर पंधरा मिनिटं तिच्यावर स्टँडअप करतो. तिचं लांबवलेलं 'बाप्पा', इथल्या दुधावरचा तिचा संशय. इथल्या मराठी मंडळातले काका लोक फर्माईश करतात. परवा तिचा फोन आला.

"काय बाप्पा, जेवला का?"

ती बोलत राहिली, आणि माझ्या मनात आलं, हिला आईचा आवाज नीट काढता येत नाही.