टपावरचं कपाट

विक्रोळीच्या गॅरेजसमोर एक छोटा ट्रक उभा होता. त्याच्या हौद्यावर नटबोल्टनं राहण्याची खोली बसवलेली होती. आत बिछान्यावर ट्रकवाल्याचे वडील होते, मांडीचं हाड मोडलेलं. त्यांना गणपतीआधी कोकणातल्या घरी न्यायचं होतं, पण वळणावर खोली इतकी झुलायची की म्हातारा कळवळायचा.

मी स्कूटरच्या दुरुस्तीसाठी थांबलो होतो. त्या पन्नाशीच्या ट्रकवाल्यानं साखळ्या आवळून घेतल्या, खोलीखाली रबर घातलं. दर वेळी चक्कर मारून यायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "हलतेच अजून."

मेकॅनिक वैतागला. "काका, टपावरचं कपाट उतरवा ना! वरच्या वजनानं झुलतंय सगळं."

तो कानशील चोळत राहिला. "गावी भावांना सांगितलंय, आणतो म्हणून. मुंबईवाला रिकाम्या हातानं आला, म्हणतील."

वस्तूंच्या गुलामीवर मी पत्रकं लिहितो. तोंड उघडणार, एवढ्यात आतून म्हाताऱ्याचा क्षीण आवाज आला, "मी जातंय मां घराक? मगे आणि काय व्हया तेंका?"

बाप घरी येतोय, आणखी काय हवं भावांना? मुलाचा चेहरा उतरला. माझाही. आत माणूस वेदनेनं तळमळत होता आणि मी भाषणाची वाक्यं जुळवत होतो.

तो टपावर चढला. मी खालून कपाट धरलं. फुटपाथवर ठेवल्यावर त्यानं त्यावर चादर टाकली, कुणी बघू नये म्हणून.

पुढची चक्कर मारून तो आला, तेव्हा वडिलांना झोप लागली होती. त्याची मान मात्र खालीच होती; आता भावांना तोंड दाखवायचं होतं.