डोळ्यांचे पैसे वेगळे

घड्याळांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं तबकड्यांवर आकडे रंगवलेल्या बाईंचा हात स्थिर होता, डोकं मात्र तापट. कारखाना बंद पडल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पटावरच्या खेळांतले बोटभर उंचीचे सैनिक रंगवून देऊ लागल्या. एकेका सैनिकाला तीन तास लागायचे, त्यातला एक नुसत्या डोळ्यांना.

खेळांचा दुकानदार दर वेळी घासाघीस करायचा. "एवढ्याशा बाहुल्याचे डोळे कोण बघतंय, ताई? ते पैसे कमी करा." तीन वर्षं बाईंनी कमी केले. मग एकदा त्यांची धाकटी बहीण त्याच्या दुकानात जाऊन आली. तेच सैनिक तो चौपट भावाने विकत होता, आणि गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देऊन सांगत होता, "डोळे बघा, डोळे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या चाळीस सैनिकांच्या दराच्या कागदावर त्यांनी डोळ्यांचा दर वेगळा लिहिला. दुकानदाराने सवयीने त्यावर काट मारून सही ठोकली. बाईंनी पट्ट्यांवरचे टाके रंगवले, चिलखतांवरचा गंज रंगवला, आणि डोळ्यांची जागा कोरी ठेवून सैनिक थेट त्याने भरवलेल्या खेळांच्या प्रदर्शनात पाठवले.

तासाभरात दुकानदार धापा टाकत दारात. "ताई, लोक भिंग लावतात आणि मागे सरकतात. डोळे रंगवून द्या."

बाईंनी नवा दर सांगितला: डोळ्यांचे पैसे अख्ख्या सैनिकाएवढे.

"काहीतरी कमी करा की."

"करते ना. एकेकच डोळा रंगवते," बाई म्हणाल्या. "उजवा की डावा, तेवढं लिहून द्या."