गिरणीतल्या काट्यावर आई

नांदेडकडच्या गोरेगावात माझी पिठाची गिरणी आहे. तिथल्या काट्याची मला फार घमेंड होती. दळण तोलताना कुणी कुरकुर केली की मी सुनावायचो, "माणूस खोटं बोलल, माहा काटा न्हाई."

आईच्या पोटात कॅन्सर निघाला. दोन केमो झाल्या तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, "अंगात ताकद राहिली तरच पुढचं औषध देता येईल. वजन घटू देऊ नका." मी त्यातलं वजन तेवढं डोक्यात घेतलं. दर सोमवारी आईला दळणाच्या काट्यावर उभी करायचो. आंबील, अंडी, खीर, जे पोटात राहील ते भरवायचो. तिनं ताट सारलं की तिच्यावर खेकसायचोसुद्धा. आज त्याची लाज वाटते. तरी वजन उतरतच गेलं.

मग एका सोमवारी दोन किलो वाढलं. मी गिऱ्हाइकांना गूळ वाटला. बहिणीनं तेवढा घेतला नाही. म्हणाली, "दादा, मायच्या बांगड्या कोपराला जाऊन राहिल्या. वजन वाढलं तं गेलं कुठं?" मी तिला झापलं, "तुला चांगलं पाहवत न्हाई का?"

नांदेडला आहार बघणाऱ्या मॅडमनी वजन नुसतं लिहून घेतलं. मग आईच्या दंडाला टेप गुंडाळली. मुठीत दाबायचं एक यंत्र दिलं. आईनं ओठ आवळून दाबलं, पण आकडा जेमतेम हलला. शेवटी त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा रोवला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "हे अंगात पाणी साचलंय. मांस झडतच चाललंय, पाण्यामुळे ते काट्यावर दिसत नाही."

डॉक्टरांनी केमो थांबवली. पुन्हा कधी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आईला सांगितलं, थोडे दिवस सुट्टी दिलीय.

पुढच्या सोमवारी ती न बोलावता, भिंत धरत गिरणीत आली आणि आपणच काट्यावर चढली.

"किती भरलं रे?"

आणखी दीड किलो वाढलं होतं.

"वाढलं, माय."

"मंग आता देतील न औषध?"

"व्हय."

उतरवायला तिचा दंड धरला, तर माझी बोटं एकमेकांवर चढली. दळण घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती हसून म्हणाली, "माह्या लेकाचा काटा खोटं बोलत न्हाई."